सणाआधीची रोकड : हातातील हुन्नर हेच भांडवल

सणाच्या तोंडावर लहान दुकानदाराला गिऱ्हाईकाची चिंता फारशी नसते. ईदेला आणि दिवाळीला गिऱ्हाईक येणारच, हे त्याला पक्के माहीत असते. त्याची अडचण असते ती माल भरण्याची. सणाच्या महिना-दीड महिना आधी नगरच्या कापड बाजारात किंवा पुण्याच्या रविवार पेठेत जाऊन माल उचलावा लागतो आणि नेमके त्याच वेळी गल्ल्यात पैसे नसतात. मग घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल आणला जातो, नाही तर गावातील सावकाराचा उंबरा चढावा लागतो. सण उरकल्यावर वही उघडली की मेहनत आपली आणि नफा दुसऱ्याचा, असे दिसून येते. पारनेरसारख्या तालुक्याच्या गावात ही पाच-सहा आठवड्यांची नड कर्जाशिवाय कशी भागवता येईल, याचा येथे विचार करू.

प्रथम हिशेब पाहावा. समजा, चाळीस हजार रुपयांचा माल भरायचा आहे आणि त्यासाठी शेकडा पाच दराने दोन महिन्यांकरिता रक्कम उचलली. व्याजाचे चार हजार रुपये झाले. मालावर शेकडा पंधरा नफा धरला तर एकूण सहा हजार मिळतात आणि त्यातून गाडीभाडे, दुकानभाडे, मदतनिसाची मजुरी जाते. उरते काय? याउलट रोख खरेदीवर व्यापाऱ्याने शेकडा तीन जरी सूट दिली तरी बाराशे रुपये जागेवर सुटतात. शिवाय रोख देणाऱ्याला गठ्ठ्यातील माल निवडून घेता येतो. उधारीच्या गिऱ्हाईकाला जो मिळेल तो घ्यावा लागतो, हे अनुभवी दुकानदारांना सांगण्याची गरज नाही. व्याजाबाबत शरीयतची भूमिका आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. परंतु ती क्षणभर बाजूला ठेवून नुसता व्यवहार पाहिला तरी हा सौदा आतबट्ट्याचा आहे. जे आधीच अडकले आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते.

गावात पैसा केव्हा येतो?

रोकड उभी करण्याचा पहिला मार्ग आपल्याच वहीत असतो. थकलेली उधारी वसूल करणे ही सर्वांत स्वस्त कमाई होय. परंतु वसुलीला वेळ असते. पारनेर हा पर्जन्यछायेतील तालुका. येथील गिऱ्हाईकाच्या हातात पैसा बारमाही नसतो. तो पिकाबरोबर येतो. पठारावरच्या गावांत वाटाणा आणि मूग निघाला की भाद्रपदाच्या सुमारास थोडा पैसा दिसतो. लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, तर गावरान कांदा मार्च-एप्रिलमध्ये काढून चाळीत भरला जातो आणि भाव पाहून विकला जातो. दुधाचा पगार मात्र बहुतेक संकलन केंद्रांवर दर दहा दिवसांनी होतो. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांचा पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत होतो आणि दिवाळीपूर्वी बोनस मिळतो. कायद्याने बोनसचे किमान प्रमाण ८.३३ टक्के आहे, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार. मात्र तो मोजताना पगारावर कायद्याची मर्यादा धरली जाते.

म्हणून उधारीची वही गिऱ्हाईकांच्या नावाप्रमाणे न पाहता त्यांच्या उत्पन्नाप्रमाणे पाहावी. दूधवाला, कांदेवाला, नोकरदार अशा तीन याद्या कराव्यात. दूधवाल्याकडे पगाराच्या दुसऱ्या दिवशी जावे, कांदेवाल्याकडे पट्टी झाल्याच्या संध्याकाळी. महिनाअखेरीस नोकरदाराच्या दारात जाण्यात दोघांचीही अब्रू जाते आणि पैसाही मिळत नाही. दोन हजार थकले असतील तर एकदम न मागता पाचशेचे चार हप्ते ठरवून त्याच्यासमोर वहीत लिहावेत. फार जुन्या बाकीवर थोडी सूट देऊन रोख घेणे केव्हाही चांगले.

येथे चांद्र महिन्यांची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दिवाळी दरवर्षी आश्विन-कार्तिकातच येते, पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. त्यामुळे शेतीच्या पैशाशी तिची गाठ पडेलच असे नाही. २००४, २००५ आणि २००६ या तीन वर्षी रमजान ईद आणि दिवाळी काही दिवसांच्या अंतराने आल्या व एकाच भरलेल्या मालावर दोन्ही सण साजरे झाले. असा योग तीस-बत्तीस वर्षांनी येतो. २०२४ साली ईद ११ एप्रिलला होती. गावरान कांदा नुकताच निघाला होता. पण ८ डिसेंबर २०२३ रोजी लागू झालेली निर्यातबंदी ४ मे २०२४ पर्यंत उठली नाही. २०२५ साली ईद ३१ मार्चला झाली आणि कांद्यावरचे २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिलपासून, म्हणजे ईदेच्या दुसऱ्या दिवसापासून रद्द झाले! कापडाचा आणि चपलांचा व्यापारी कांद्याच्या बातम्या वाचत नसेल तर त्याने वाचाव्यात. २०२६ साली ईद मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आली आणि २०३० पर्यंत ती फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत सरकेल. म्हणजे या काळात गावरान कांद्याचा पैसा ईदेआधी येणार नाही. लाल आणि रांगड्या कांद्याची पट्टी, दूध व नोकरदार यांवरच बाजार चालेल. त्या मानाने माल भरावा.

हुन्नराची कमाई

दुसरा मार्ग कारागिरांचा आहे आणि आपल्या समाजात तो सर्वांत जवळचा आहे. पिंजारी, शिकलगार, कलईवाले, शिंपीकाम करणारे, मण्यार, आतार यांच्या धंद्यांना सणाच्या आधीचा एक छोटा हंगाम असतो. त्यात मालाला पैसा फारसा लागत नाही, मजुरी मात्र हातोहात मिळते. या हंगामाची रोकड पुढच्या मोठ्या हंगामाचे भांडवल होऊ शकते.

पिंजाऱ्याचे उदाहरण घ्या. तयार फोमच्या गाद्यांनी हा धंदा मोडला असे सर्रास म्हटले जाते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. तरीही घटस्थापनेपूर्वी दसऱ्याची धुणी निघतात, घरोघरच्या गोधड्या, गाद्या, उशा बाहेर येतात, तेव्हा दबलेला कापूस गृहिणीच्या डोळ्यांसमोर असतो. पंधरा दिवस थांबले की गाद्या पुन्हा घडी होऊन आत जातात आणि पुढच्या वर्षापर्यंत कोणी विचारत नाही. जो पिंजारी त्या पंधरा दिवसांत मशीन टेम्पोत टाकून टाकळी ढोकेश्वर, कान्हूर पठार, निघोज, अळकुटी अशा गावी स्वतः जातो, त्याला काम मिळते. जो पारनेरच्या दुकानात बसतो त्याला मिळत नाही. गिऱ्हाईकाचाच कापूस, गिऱ्हाईकाचीच खोळ. आपली फक्त मजुरी, वीज किंवा डिझेल. या कमाईतून पुढे थंडीसाठी नव्या गाद्यांचा कापूस रोखीने घेता येतो.

कलईवाल्याने घरोघरच्या भांड्यांची वाट पाहू नये. स्टीलच्या काळात ते काम थोडेच उरले आहे. मंडपवाल्यांकडे आणि लग्नाच्या जेवणावळी करणाऱ्यांकडे तांब्याच्या डेगा असतात. लग्नसराई आणि ईद यांच्या आधी त्यांना कलई लागतेच, कारण कलई उडालेल्या तांब्यात दही-टोमॅटोसारखा आंबट पदार्थ शिजवणे तब्येतीला घातक असते. एका ठिकाणी आठ-दहा डेगा मिळाल्या तर भट्टी एकदाच पेटवावी लागते. मात्र कथिलाचा भाव चढउतार करतो. मागच्या वर्षीच्या दराने काम अंगावर घेऊ नये.

शिकलगाराचे दोन हंगाम ठरलेले. एक बकरी ईदेचा, सुऱ्या-सत्तुरांचा. दुसरा कांदा काढणीचा, जेव्हा पात कापणाऱ्या बायकांच्या टोळीतील प्रत्येकीच्या विळ्याला धार हवी असते. टोळीच्या मुकादमाशी बोलून शेताच्या बांधावर सकाळी तासभर चाक फिरवले तर पंचवीस-तीस विळे होतात. मण्यार आणि आतार बांधवांनी आठवडे बाजारात हंगामाच्या आधीच मागच्या वर्षीचा पडून राहिलेला माल खरेदीच्या भावाने, वेळप्रसंगी थोडा तोटा सोसून, मोकळा करावा. फडताळातील तीन हजारांच्या जुन्या बांगड्या दोन हजाराला गेल्या तर हजाराचा तोटा झाला असे वाटते. पण त्या दोन हजारांचा चालू नमुन्याचा माल एका सणात दोनदा फिरतो.

शिवणकामाच्या बाबतीत थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण यात घरातील स्त्रियांचा वाटा मोठा आहे. रमजानच्या पंधराव्या रोज्यानंतर टेलरकडे कपडे घ्यायला जागा नसते. त्याआधीचा महिना मात्र मशीन निम्मा दिवस उभे असते. त्या महिन्यात फॉल-पिको, चेन बदलणे, उंची कमी-जास्त करणे, उशांचे अभ्रे, शाळेच्या दप्तरांची दुरुस्ती अशी कामे घ्यावीत. यात दोऱ्याखेरीज खर्च नाही आणि पैसे जागेवर मिळतात. सुप्याला खोल्या करून राहणारा बाहेरगावचा कामगार हे काम रविवारी आणतो व रविवारीच मागतो; त्या दिवशी दुकान बंद ठेवू नये.

दुसरे म्हणजे बयाणा. ईदेच्या शिलाईचा निम्मा पैसा मापे घेतानाच घ्यावा. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. वस्तू बनवून देण्याचा आगाऊ करार, ज्याला फिकहमध्ये इस्तिसना म्हणतात, तो मान्य व्यवहार आहे. फक्त वस्तू, दर आणि देण्याची तारीख ठरलेली हवी. पावतीपुस्तक छापून घ्यायला फार खर्च येत नाही. पावतीवर तारीख लिहिली की ती पाळावीही लागते, म्हणून दिवसाला किती जोड होतात ते मोजून तेवढ्याच पावत्या फाडाव्यात. बयाणा सर्वांचा घेऊन चाँदरातीला अर्ध्या गिऱ्हाईकांना परत पाठवणारा टेलर पुढच्या वर्षीचा धंदा आजच घालवून बसतो.

शिंपी, लोहार, चांभार इत्यादी १८ व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली असून त्यात प्रशिक्षणाचा भत्ता आणि १५ हजारांपर्यंत अवजारांसाठी मदत आहे. अवजारांची मदत कर्ज नव्हे, त्यामुळे अर्ज जरूर करावा. पण ती सणापूर्वी हातात पडेल या भरवशावर राहू नये.

बोकड पाळून विकणे

बकरी ईदेपूर्वी दोन महिने बोकड घेऊन खाऊ घालायचे आणि ईदेला विकायचे, हा झटपट पैशाचा मार्ग अनेकांना आकर्षक वाटतो. संगमनेरी जातीची शेळी आपल्याच भागातील आहे. काष्टी आणि घोडेगावचे बाजारही लांब नाहीत. तथापि, या धंद्यात नवख्याने हात राखून उतरावे. चांगली निगा ठेवली तर बोकडाचे वजन दिवसाला ५० ते १०० ग्रॅम वाढते, म्हणजे दोन महिन्यांत तीन ते सहा किलो. फायदा तेवढ्यातच आणि ईदेच्या चढ्या भावात. पाचांपैकी एक मेला की चौघांवरचा नफा गेला.

शिवाय, बकरी ईद आता मे महिन्यात येते आणि २०२९-३० पर्यंत एप्रिलमध्ये जाईल. पारनेरच्या कित्येक गावांत तेव्हा टँकर सुरू असतात आणि हिरवा चारा विकत घ्यावा लागतो. बाभळीच्या शेंगा याच दिवसांत पडतात. त्या गोळा करून ठेवल्या तर खुराकाचा खर्च बराच कमी होतो. घेताना दात पाहावेत. वर्ष पूर्ण झालेले, दोन दाती, न लंगडणारे, डोळे-कान-शिंगे धड असलेले जनावरच कुरबानीला चालते. खोट असलेला बोकड स्वस्त मिळाला तरी शेवटी खाटकाच्या भावानेच जाणार. आणल्यावर दोन आठवडे वेगळा बांधावा, जंताचे औषध द्यावे आणि पीपीआर व आंत्रविषाराच्या लसींबद्दल पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. भरडा एकदम जास्त घालू नये, पोट फुगून जनावर रात्रीत जाते. बाजाराची पावती जपून ठेवावी. वाहतुकीत पहिला प्रश्न तिचाच येतो.

देवनारला नेण्याचा मोह दोन-चार बोकडवाल्याने टाळावा. गाडीभाडे, तेथील चारापाणी, मुक्काम आणि शेवटच्या रात्री कोसळणारा भाव हे शंभर जनावरे नेणाऱ्याला झेपते. आपल्या ओळखीच्या कुटुंबांकडून आधीच बयाणा घेऊन ईदेपर्यंत बोकड सांभाळून देणे हा लहान माणसाचा सौदा.

पैसा कोठे ठेवावा

जमलेली रक्कम सणापर्यंत सांभाळणे हेही कामच आहे. दरमहा आठ-दहा टक्के परतावा देतो असे सांगणारे एजंट सणाच्या आधीच अधिक फिरतात, कारण तेव्हा लोकांच्या हातात पैसा असतो. वर्षाला शेकडा शंभराच्या आसपास कोणता प्रामाणिक धंदा देतो, हे आपल्याच दुकानाच्या नफ्यावरून ताडून पाहावे. पतसंस्थेतील ठेवीला बँकेसारखे ठेव विमा संरक्षण नाही. बँकेतील ठेवीला ते पाच लाखांपर्यंत आहे. पण बँक बंद पडली तर तेही पैसे सणाच्या वेळी हातात येत नाहीत. नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे ऐन दिवाळीच्या आधी रद्द केला.

ओळखीच्या दहा-बारा व्यापाऱ्यांची भिशी असेल तर बोलीची भिशी घेऊ नये. बोलीत आपलाच पैसा कापून मिळतो. क्रमाने उचलण्याची भिशी घ्यावी आणि आपला क्रमांक सणाच्या दोन महिने आधीचा मागून घ्यावा. कापडवाला, मिठाईवाला, शेती अवजारांचा दुकानदार यांचे हंगाम वेगळे असल्यामुळे असे क्रमांक आपसात सहज ठरतात.

रोकड घेऊन पेठेत गेल्यावर दर कमी करून घेण्याबरोबर आणखी एक गोष्ट मागावी : सणानंतर न खपलेला, घडी न मोडलेला माल बदलून देण्याची कबुली. रोख गिऱ्हाईकाला ती बहुधा मिळते. बिलावर तशी नोंद करून घेण्यास मात्र विसरू नये.