एमएसमधील नैराश्य आणि मोबाइल : एक मागोवा

मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात एमएस या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण पोखरते. सुमारे निम्म्या रुग्णांना आयुष्यात केव्हातरी नैराश्य गाठते. भारतात हा आजार फार विरळ, असा समज बराच काळ होता. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ नोशिर वाडिया यांनी पारशी समाजातील त्याचे लक्षणीय प्रमाण १९९० मध्ये मांडले. २०१६च्या कायद्याने एमएसला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले.

नैराश्य मोजायला २००१ पासून पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली रूढ झाली. मागच्या दोन आठवड्यांत झोप, थकवा, एकाग्रता कशी होती, असे त्यातले प्रश्न. पण थकवा तर एमएसचाही! त्यामुळे गुण वाढले ते मनामुळे की आजारामुळे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

ही अडचण मोबाइलमध्येही शिरली. २०१७ मध्ये एलिव्हेटएमएस आणि २०१८ मध्ये फ्लडलाइट ओपन ही संशोधनाची अ‍ॅप अमेरिकेत आली. चालणे, हाताची चपळाई यांच्या चाचण्या घरबसल्या होऊ लागल्या. फ्लडलाइटने मनःस्थितीचा रोजचा प्रश्नही जोडला. कोविडकाळात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी एमएस रुग्णांच्या फोन व मनगटी पट्ट्यांतून मिळालेल्या हालचाल, झोप, कॉल यांच्या नोंदींवरून नैराश्याचा अंदाज बांधून पाहिला. मात्र घराबाहेर पडणे कमी झाले, तर मन खचले की पाय लुळे पडले, हे रुग्णाला विचारल्याशिवाय ठरत नाही.

विदर्भात मात्र यंत्राऐवजी माणसांकरवी विचारपूस करण्याची वाट निवडली गेली. ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य उपक्रमाने अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते व समुपदेशक नेमले. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा उपक्रम एमएससाठी नव्हता, अ‍ॅपवरही उभा नव्हता. तरी विदर्भातल्याच बुलढाणा जिल्ह्यासाठी तोच जवळचा धडा. तिथल्या साखरखेर्ड्यासारख्या गावातून मज्जाविकारतज्ज्ञासाठी मोठे शहर गाठावे लागते. अशा गावात अ‍ॅपची उपयुक्तता दोन भेटींमधल्या महिन्यांची नोंद ठेवण्यात आहे. शिवाय प्रश्न मराठीत हवेत, आणि फोन घरात सामाईक असेल तर नोंद नेमकी कोणाची, हेही पाहावे लागते. धोक्याची खूण दिसल्यावर फोन उचलणारे माणूस नसेल, तर ती नोंद नुसतीच साठत राहते.

असे फोन उचलणारे माणूस १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेत मिळते. १४४१६ वर साध्या बटणांच्या फोनवरूनही समुपदेशकाशी बोलता येते.