अंकीय नियंत्रित यंत्रणाचा खर्च

सीएनसी या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या, संगणकाद्वारे अंकीय नियंत्रण केलेल्या यांत्रिक हत्यारांवर एखादा भाग कातून, तासून वा छिद्रे पाडून तयार करण्यास येणारा एकूण खर्च. हत्याराचा मार्ग, कर्तन वेग व सरक यांच्या आज्ञा अंकांच्या रूपात देण्याच्या या पद्धतीचा उगम अमेरिकेत झाला. हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी लागणारे वक्र आकार अचूक मिळविण्याच्या प्रयत्नांतून जॉन टी. पार्सन्स यांनी ही कल्पना मांडली आणि हवाई दलाच्या साहाय्याने मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ मध्ये अशा चक्री कर्तन यंत्राचे (मिलिंग यंत्राचे) प्रात्यक्षिक झाले. [⟶ यांत्रिक हत्यारे].

खर्चाचे स्वरूप : प्रत्येक नगाच्या खर्चात कच्चा माल, पूर्वतयारीचा नगावर येणारा हिस्सा, यंत्रकालाची किंमत, हत्यारांची झीज आणि तपासणी व पृष्ठसंस्करण हे प्रमुख घटक असतात. यांपैकी बराच भाग यंत्र सुरू होण्यापूर्वी, आरेखन तयार होतानाच निश्चित होतो. कारखान्यातील काटकसरीने सदोष अभिकल्पाची भरपाई क्वचितच होऊ शकते.

द्रव्य : द्रव्याचा केवळ किलोग्रॅमचा भाव पाहणे पुरेसे नसते. पोलादाची घनता सु. ७·८५, तर ॲल्युमिनियमाची २·७ ग्रॅ./घ. सेंमी. आहे. शिवाय ॲल्युमिनियम पोलादाच्या कित्येक पट वेगाने कापता येते. त्यामुळे बराच धातू काढून टाकावा लागणारा भाग, बल व तापमान यांच्या दृष्टीने चालत असल्यास, ॲल्युमिनियमाचा केल्याने स्वस्त पडू शकतो. अगंज पोलाद कापताना पृष्ठभागी कठीण होते. टिटॅनियमाची उष्णता-संवाहकता कमी असल्याने उष्णता हत्याराच्या धारेपाशीच साठते व धार लवकर जाते. मूळ ठोकळा तयार आकाराच्या जितका जवळचा असेल तितका कीस कमी निघतो. म्हणूनच मोठ्या संख्येच्या भागांसाठी ओतीव वा घडीव मूळ आकार वापरतात.

आकार : फिरणारे हत्यार गोल असल्यामुळे खळग्याच्या आतील उभे कोपरे त्याने काटकोनी करता येत नाहीत, त्यांसाठी विद्युत् ठिणगी यंत्रणासारखी वेगळी क्रिया लागते. कोपऱ्याची त्रिज्या ३ मिमी. ठेवल्यास हत्याराचा व्यास ६ मिमी.पेक्षा अधिक चालत नाही, ६ मिमी. ठेवल्यास १२ मिमी.चे हत्यार वापरता येते. समान बल व समान लांबी असता हत्याराचे वाकणे व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्याने दुसरे हत्यार पहिल्याच्या एक-षोडशांशच वाकते. उलट, खळग्याची खोली वाढल्याने हत्याराची मोकळी लांबी दुप्पट झाली, तर वाकणे आठपट होते. पातळ भिंती कंप पावतात व हलके काप घ्यावे लागतात. छिद्रांचे व्यास प्रमाणित गिरमिटांच्या मापांचे असणे हिताचे असते. वेगवेगळ्या बाजूंवर काम असल्यास कार्यवस्तू पुनःपुन्हा पकडावी लागते. प्रत्येक पकडीबरोबर वेळ व चुकीची शक्यता वाढते.

अचूकता व गुळगुळीतपणा : मापातील अनुमत तफावतीसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणांत श्रेणी ठरविल्या आहेत. २५ मिमी. मापासाठी अकराव्या श्रेणीत ती १३०, सातव्या श्रेणीत २१ व सहाव्या श्रेणीत केवळ १३ मायक्रोमीटर असते. धारवा बसविण्याच्या दंडाला सहावी श्रेणी आवश्यक असू शकते. बोल्ट मोकळेपणाने जाण्याच्या छिद्राला तिची गरज नसते. १०० मिमी. लांबीचा पोलादी भाग १०° से. तापमानवाढीने सु. १२ मायक्रोमीटर वाढतो. त्यामुळे फार सूक्ष्म तफावत मागितल्यास शाणनासारखी अंतिम क्रिया व नियंत्रित तापमानातील मापनही करावे लागते. कातकामात पृष्ठाचा सैद्धांतिक खडबडीतपणा सरकेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तो एक-चतुर्थांश करण्यासाठी सरक निम्मी व वेळ दुप्पट करावा लागतो.

कर्तन वेग : एफ्. डब्ल्यू. टेलर यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात कर्तन वेग व हत्याराचे आयुष्य यांचा संबंध दिला. त्यानुसार वेग आणि आयुष्याचा विशिष्ट घात यांचा गुणाकार स्थिर असतो. कार्बाइड हत्यारासाठी घातांक ०·२५ धरल्यास वेग २०% वाढविताच आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. वेग फार कमी ठेवल्यास यंत्रकाल वाढतो, फार वाढविल्यास हत्यारे व ती बदलण्याचा वेळ यांचा खर्च वाढतो. किमान खर्चाचा वेग या दोहोंच्या मध्ये असतो.

नगसंख्या : आज्ञावली तयार करणे, हत्यारे व पकड साधने बसविणे आणि पहिला नग तपासणे हा खर्च एकदाच होतो. पूर्वतयारीस दोन तास व प्रत्येक नगास सहा मिनिटे लागत असल्यास, पाच नगांच्या कामात प्रत्येकी ३० मिनिटे खर्ची पडतात, तर ५०० नगांच्या कामात केवळ ६·२४ मिनिटे. मात्र गरजेपेक्षा अधिक नग करून ठेवल्यास भांडवल अडकते.

यंत्राचा तासाचा दर : घसारा, व्याज, जागा, वीज, देखभाल व कारागिराचे वेतन यांवरून हा दर ठरतो. समजा, स्थिर खर्च वर्षाला १२ लाख रु. आहे. यंत्र ४,००० तास चालले, तर तासाला ३०० रु. आणि २,००० तासच चालले, तर ६०० रु. स्थिर खर्च येतो. पुणे, पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर, नासिक इ. ठिकाणच्या जॉबवर्क करणाऱ्या लहान कारखान्यांच्या दृष्टीने हा मुद्दा निर्णायक आहे. काम मिळविण्यासाठी घसारा न धरता दर दिल्यास यंत्र चालू राहते व हाती रोख रक्कमही येते. परंतु यंत्र जुने झाल्यावर दुसरे घेण्यास भांडवल उरत नाही.

खर्च कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे अभिकल्पकाने आरेखन अंतिम करण्यापूर्वी यंत्रणतज्ञाशी विचारविनिमय करणे. प्रत्येक माप, कोपरा व पृष्ठ भागाच्या कार्यासाठी खरोखर आवश्यक आहे काय, हे त्या वेळी तपासता येते. नंतर आरेखनातील प्रत्येक अनावश्यक काटेकोरपणाची किंमत दर नगामागे मोजावी लागते.