उचलीचे गणित आणि शाळेचे गणित

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात २०१८ पासून 'अर्थनियोजन' नावाचे प्रकरण आहे. वस्तू व सेवा कर, शेअरची दर्शनी किंमत व बाजारभाव, दलाली, म्युच्युअल फंड हे त्याचे विषय. नववीच्या पुस्तकात याच नावाच्या प्रकरणात बचत, गुंतवणूक आणि आयकर यांची उदाहरणे येतात. पैशाचा व्यवहार शाळेत शिकवावा असे पाठ्यपुस्तककारांना वाटले, हे स्वागतार्हच म्हटले पाहिजे. परंतु हेच पुस्तक बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या एखाद्या वर्गात उघडले जाते, तेव्हा एक विसंगती डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. मुलगा शंभर रुपये दर्शनी किमतीच्या शेअरवरील अधिमूल्य काढीत असतो आणि त्याच सुमारास त्याच्या घरी मुकादमाने पुढे केलेल्या कागदावर अंगठा उमटत असतो. त्या कागदातले गणित पुस्तकात नाही.

बालाघाटच्या डोंगररांगांचा, कमी पावसाचा हा मुलूख आहे. येथील कोरडवाहू शेती कुटुंबाला वर्षभर पोसत नाही. म्हणून दसरा-दिवाळी उलटली की हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. आणि कोयत्यामागे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल. सप्टेंबर २०२२ मध्ये नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली, तरी टोळ्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर काही थांबलेले नाहीत.

आता या उचलीचा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचलले. जोडपे दिवसाला दोन टन ऊस तोडते आणि टनाला २७० रुपये मिळतात, असे धरू. दिवसाची कमाई ५४० रुपये झाली. लाख फिटावयास १८५ दिवस हवेत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ मान्य झाली. ती धरली तर टनाला सुमारे ३६२ आणि दिवसाला ७२४ रुपये होतात. मग १३८ दिवस पुरतात. ही वाढ लहान नव्हे. परंतु हंगाम १२० दिवसांतच आटोपला तर ८६,८८० रुपये फिटतात आणि १३,१२० रुपये बाकी राहतात. २०२४-२५ चा हंगाम तर याहूनही आखूड ठरला. यात आजारपणाचे दिवस धरलेले नाहीत, अवकाळी पावसाने फड बंद पडल्याचे दिवस धरलेले नाहीत, खाड्याचा दंड धरलेला नाही, आणि चार महिन्यांच्या मीठमिरचीसाठी घेतलेली उचलही धरलेली नाही.

हा सारा भागाकार-गुणाकार सातवीच्या मुलाच्या आवाक्यातला आहे. तरीही तो घरात कोणी मांडीत नाही, कारण उचल हा हिशेबाचा विषय नसून नशिबाचा विषय आहे अशी समजूत पिढ्यान् पिढ्या घट्ट बसली आहे. बाकी राहिली की ती पुढच्या वर्षाच्या उचलीत मिळवली जाते, आणि ती फेडण्यासाठी घरात आणखी एक कोयता हवा असतो. मुलाची शाळा सुटणे आणि मुलीचे लग्न वेळेआधी उरकले जाणे, यांचा उगम पुष्कळदा या बाकीत सापडतो. अर्थसाक्षरता हा शब्द शहरात गुंतवणुकीच्या संदर्भात वापरला जातो. आष्टीत त्याचा संबंध मूल दहावीला बसणार की नाही याच्याशी आहे.

दुसरा घोटाळा व्याजाच्या भाषेचा. गावात व्याज 'शेकडा' बोलले जाते. शेकडा तीन म्हणजे शंभराला महिन्याचे तीन रुपये, अर्थात वर्षाला छत्तीस. बँकेचा दर मात्र वार्षिक असतो. बँक बारा टक्के मागते आणि सावकार तीनच मागतो, तेव्हा सावकार स्वस्त, असा समज भल्याभल्यांचा होतो. हप्त्याने वस्तू घेताना याहून सूक्ष्म फसगत संभवते. बारा हजारांच्या कर्जावर वर्षाचे सरसकट बारा टक्के, म्हणजे १,४४० रुपये व्याज धरून दरमहा १,१२० रुपयांचे बारा हप्ते पाडले, की दर बाराच टक्के आहे असे भासते. परंतु मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र मूळ रकमेवर चालू राहिल्याने खरा दर एकवीस टक्क्यांच्याही वर जातो. चक्रवाढ व्याजाचे सूत्र आठवीत पाठ केलेला विद्यार्थी येथे गप्प बसतो. सूत्र त्याला येते. ते कोठे लावावयाचे हे कोणी दाखविलेले नसते.

लेखी हिशेब मागण्याचा ऋणकोचा हक्क काही आजचा नव्हे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि ते लोण नगर जिल्ह्यात पसरले. त्यानंतर १८७९ साली दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. कर्ज फेडणाऱ्यास पावती द्यावी, मागितल्यास वर्षाचा हिशेब लिहून द्यावा, पासबुक द्यावे, अशा तरतुदी त्यात होत्या. नगरच्या सीमेपलीकडचा आष्टीचा मुलूख मात्र निजामाच्या राज्यात असल्याने हा कायदा तेथे लागू नव्हता. पण जेथे तो लागू होता, तेथेही पासबुक वाचता येणारा ऋणको विरळाच. आज रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदारास कर्जाच्या मुख्य बाबींचे पत्रक, सर्व आकारांसह वार्षिक दर नमूद करून, त्याला समजेल अशा भाषेत द्यावयाचे आहे. ते घरात वाचून दाखवील असा पहिला माणूस बहुधा शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगीच असते. मुकादमाच्या उचलीला मात्र असे कोणतेही पत्रक नाही.

बचतीची कथाही वेगळी नाही. २०१४ पासून दहा वर्षांवरील मुलाला बचत खाते स्वतः चालविण्याची मुभा बँका देऊ शकतात. जनधन खात्याला किमान शिल्लक लागत नाही. शिष्यवृत्तीही आता थेट खात्यात येते. परंतु ते खाते चार पैशांच्या कमिशनसाठी दुसऱ्यास वापरावयास दिले तर पोलीस दारात येऊ शकतात, ही गोष्ट खाते उघडताना कोणी मुलाला सांगत नाही. तसेच, बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि पतसंस्थेतील ठेवींना ते नाही, हा भेद जिल्ह्यातील शिकलेल्या मंडळींनाही ठाऊक नव्हता. २०२३-२४ मध्ये बीड जिल्ह्यातील काही बहुराज्य पतसंस्थांनी ठेवी परत करणे थांबविले, तेव्हा रांगेत निवृत्त शिक्षक होते, कारकून होते आणि मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवणारे मजूरही होते.

यासाठी नवे पुस्तक किंवा नवा तास हवा असे नाही. पुस्तकातील शेअरच्या उदाहरणाशेजारी शिक्षकाने फळ्यावर उचलीचे उदाहरण घालावयाचे आहे. शेकड्याचा दर वार्षिक करून दाखवावयाचा आहे, आणि काट्यावरील वजनपावतीवरून टनांची बेरीज करावयास लावावयाची आहे. आईबाप फडावर असताना हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहणाऱ्या मुलाने तारीखवार एक वही ठेवली, आठवड्याला फोनवरून टनांचे आकडे तीत उतरविले, तर मार्चमध्ये हिशेबाला बसताना मुकादमाच्या वहीसमोर ठेवावयास दुसरी एक वही असेल. मुकादमाला ती आवडेलच असे नाही. सर्वच मुकादम लबाड असतात असेही नाही. त्यांतले बरेचसे स्वतः कारखान्याच्या आणि सावकाराच्या कर्जात असतात. पण दोन वह्यांत फरक निघाला, तर कोणत्या तारखेचे किती टन राहिले, एवढे तरी नेमके विचारता येईल.