पणजीचं नाव काय होतं? वंशावळ शोधूया गटानं



आज सुरुवात एका प्रश्नानं करू. तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांचं नाव काय? पटकन सांगाल. त्यांच्या वडिलांचं? तेही सांगाल, कारण ते जुन्या उताऱ्यावर आहे आणि भावकीची भांडणं निघाली की दहा वेळा कानावर पडतं. आता तुमच्या आईच्या आईच्या आईचं नाव सांगा. तिचं माहेर कुठलं तेही सांगा.

गप्प झालात ना? आम्ही गटाच्या बैठकीत हाच प्रश्न विचारला, तेव्हा पंधरा जणींत दोघींनाच उत्तर देता आलं.

आपल्याकडे वंशावळ म्हटली की बापाचा मुलगा, मुलाचा मुलगा अशी उभी रेघ काढतात. तिच्यात आई नसते, बहीण नसते, लेक नसते. घराण्याची सगळी नाती तोंडपाठ असतात ती बायकांनाच, पण कागदावर बाईच नसते. म्हणून आज आपण दोन गोष्टी बोलणार आहोत. वंशावळ कशी शोधायची, आणि तिच्यात बायकांची नावं कशी आणायची. हे काम एकटीनं होत नाही, गटानं मात्र चांगलं होतं.

कशाला हवी ही उठाठेव?

पहिलं कारण जमिनीचं. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून बदल झाला. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला जन्मानंच मुलाइतका हक्क मिळाला. वडील त्या तारखेच्या आधी वारले असले तरी हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र त्यामुळे मोडत नाहीत. पण हक्क असून भागत नाही. वारस नोंदीच्या अर्जाला जी वंशावळ जोडतात, तिच्यात लेकीचं नाव लागतं. तिथं नाव गाळलं की पुढं वर्षानुवर्षं हेलपाटे मारावे लागतात.

दुसरं कारण जातीच्या दाखल्याचं. लग्न झालेल्या बाईचा जातीचा दाखला माहेरच्या पुराव्यावर निघतो. पडताळणीला जुना कागद लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. म्हणजे वडिलांचा, आजोबांचा, चुलत आजोबांचा. आणि तो आपलाच आजोबा हे दाखवायला वंशावळ लागते.

तिसरं कारण साधं आहे. जिच्या पोटी आपली आजी जन्मली, तिचं नाव आपल्याला ठाऊक असावं.

गटाची ताकद माहेरात आहे

पुरुष एका गावात जन्मतात आणि बहुतेक तिथंच राहतात. त्यांना एका गावाची माहिती. आपण बायका मात्र वेगवेगळ्या गावांहून आलेल्या. आमच्या पंधरा जणींची माहेरं मोजली तर अकरा गावं निघाली. प्रत्येकीची आई आणखी वेगळ्या गावची. म्हणजे गट एका ओसरीवर बसला, तरी त्याचे हात दोन-तीन तालुक्यांत पोचतात.

याचा उपयोग कसा होतो ते ऐका. आमच्यातल्या एकीला आजीचं माहेरच माहीत नव्हतं. घरात आहेराची जुनी वही होती. तिच्यात एकाच गावच्या चार नावांपुढं ‘मामाकडून’ असं लिहिलेलं. ते गाव गटातल्या दुसरीच्या माहेरापासून दोन कोसांवर. ती दिवाळीला माहेरी गेली, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं आणि घर सापडलं. शाळेच्या जुन्या रजिस्टरात आजीच्या भावाची नोंद मिळाली, त्यातून पणजोबांचं नाव कळलं. पुढं त्याच घरच्या एका जुन्या फेरफारात पणजीचंही नाव निघालं. नवरा अकाली गेल्यावर लहान मुलांची पालनकर्ती म्हणून ते लिहिलेलं होतं. एकटीनं हे काम कधीच झालं नसतं.

आधी घरातलं शोधा

कचेरीत जाण्याआधी घर धुंडाळा. आहेराची वही, लग्नपत्रिका, जुनी पत्रं, फोटोंच्या मागची बाजू. आणि भांडी! पितळेच्या तांब्यावर, घागरीवर कोरलेली नावं वाचा. कोणी दिलं, कोणाला दिलं, कधीकधी सालही असतं. बाईचं नाव इतर कागदांवर सापडणार नाही, पण तिच्या लग्नातल्या घागरीवर सापडेल.

मग म्हाताऱ्या माणसांकडं बसा. त्यांना साल विचारू नका, प्रसंग विचारा. “कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता?” तो डिसेंबर १९६७ चा. “दुष्काळात खडी फोडायला गेलात तेव्हा कडेवर कोण होतं?” तो १९७२ चा. पानशेतचं धरण फुटलं ते जुलै १९६१ मध्ये. मराठवाडा निजामाच्या ताब्यातून सुटला तो १७ सप्टेंबर १९४८ ला. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. या खुणांवरून जन्माचं आणि लग्नाचं साल जवळपास काढता येतं.

आणखी विचारा, कोणाकोणाचं सुतक धरता? नातं कसं लागतं ते विसरलेलं असतं, पण सुतक धरलं जातं. म्हणजे ती भावकी. कुलदैवत कोणतं, देवक कोणतं, जत्रेला मूळ कोणत्या गावी जात होते, हेही लिहून घ्या.

आणि आजीला जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा. आई, भाऊ, मामा, माहेरचं गाव, वाटेतली नदी हे सगळं ओवीत येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ज्या बायकांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी आपल्या माणसांची आठवण अशी ओवीत जपली.

मग कागद

पहिला कागद शाळेचा. मुख्याध्यापकांकडे अर्ज करून जनरल रजिस्टरचा उतारा मागायचा. पणजी शाळेत गेली नसेल, पण तिचा भाऊ गेला असेल. त्याच्या नोंदीत वडिलांचं नाव, जात, जन्मगाव मिळतं.

दुसरा कागद जन्म-मृत्यूच्या नोंदीचा. याला गाव नमुना १४ म्हणतात, काही ठिकाणी कोतवाल बुक. जुनी बुकं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. तिथं नकलेसाठी अर्ज करता येतो. एक ध्यानात ठेवा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाच्या नावापुढं नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं असतं. म्हणून भावंडांचे जन्म लावून क्रम जुळवावा लागतो.

तिसरा कागद जमिनीचा. सातबारा आजचा मालक सांगतो, फेरफार मात्र जमीन कोणाकडून कोणाकडं गेली ते सांगतो. माणूस वारला की वारस म्हणून कोणाकोणाची नावं लागली, हे फेरफारात असतं. वंशावळीचं खरं सोनं तिथं आहे. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर. एक नंबर धरून मागं मागं जायचं.

कागदात बाई कुठं लपलेली असते?

जुन्या कागदांची भाषा वेगळी. ‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’, ‘भ्रतार’, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको. ‘बेवा’ म्हणजे विधवा. हे शब्द दिसले की थांबा, तिथं एक बाई आहे.

‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलं लहान असताना बाप गेला, तर इथं बहुधा आईचं नाव येतं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथं थोरल्या भावाचं एकट्याचं नाव असतं. त्यामागं बाकीचे भाऊ, बहिणी आणि आई झाकलेली असते.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात जुन्या काळी बहिणींची नावं टाकून ठेवत. तो रकाना नीट वाचा. आणि जिथं बहिणींनी हक्कसोड करून दिली, तिथं त्या फेरफारात त्यांची नावं येतात. मैत्रिणींनो, किती विचित्र आहे बघा. कित्येक बायकांचं नाव सरकारी कागदावर एकदाच आलं, आणि तेही हक्क सोडताना.

आपल्याकडं लग्नात बाईचं नावही बदलायची चाल होती. त्यामुळे माहेरच्या कागदावर एक नाव, सासरच्या कागदावर दुसरं. दोन्ही नावं विचारून घ्या आणि शेजारी शेजारी लिहा. एकाच नावानं शोधत बसलात तर ती सापडणार नाही.

जुनी लिपी, जुनी सालं

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे बरेच कागद मोडी लिपीत आहेत, मराठवाड्यात उर्दूतही आहेत. घाबरू नका. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडी जाणणारी मंडळी भेटतात. त्या मंडळाचे एक संस्थापक इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतली दप्तरं गोळा करत होते. गटातली एखादी शिकलेली लेक मोडी शिकली तर साऱ्या गावाचं काम होईल.

सालांचा हिशोब सोपा आहे. शके असेल तर ७८ मिळवा. मराठवाड्यातलं फसली साल असेल तर ५९० मिळवा. शके १८७० म्हणजे १९४८, फसली १३५० म्हणजे १९४०. वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्यानं एखाद्या सालाचा फरक पडू शकतो.

काही घराण्यांची माहिती नाशिकच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत असते. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते वही काढतात. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत हेळवी लोक गावोगाव फिरून कुळाची माहिती सांगतात. त्यांचं जरूर ऐका, त्यांना मानही द्या, पण कागदाशी ताडून पाहा.

गटात काम कसं वाटायचं?

महिन्याच्या बैठकीत बचतीचं काम झालं की अर्धा तास याला द्या. एका बैठकीत एकीचीच वंशावळ घ्या. मोठ्या कागदावर नावं मांडा. ऐकीव माहिती पेन्सिलीनं, कागदावर सापडलेली शाईनं. प्रत्येक नावाजवळ माहिती कोणी दिली किंवा कोणत्या कागदातून आली, ते लिहा. मग विचारा, या गावाकडं कोणाचं माहेर आहे? कोण कधी जाणार आहे? जिला वाचता येतं तिनं कचेरीत सोबत जावं, जिची आठवण पक्की आहे तिनं म्हाताऱ्यांशी बोलावं.

चार नियम पाळा. एक, मूळ कागद कोणाच्या हाती द्यायचा नाही, झेरॉक्स द्यायची. दोन, आधार कार्ड किंवा जिवंत माणसांची माहिती मोबाइलच्या ग्रुपवर टाकायची नाही. तीन, शोधताना कोणाच्या घरचं दुसरं लग्न, टाकलेली बाई, दत्तक मूल असं काही निघेल. ते बैठकीबाहेर न्यायचं नाही, पाणवठ्यावर तर नाहीच. चार, पैसे घेऊन थेट राजघराण्याशी नातं जोडून देणारे भेटतील, त्यांना हात जोडायचे. आपली माणसं शेतात राबणारी होती, त्यात कमीपणा काय?

आता पुढची वंशावळ आपण लिहायची

घरातलं माणूस गेलं तर तीन महिन्यांच्या आत तलाठी भाऊसाहेबांकडे वारसाची माहिती द्यायची असते. त्या वंशावळीत बायको, आई, मुलगे आणि सगळ्या लेकी, लग्न झालेल्यासुद्धा, लिहायच्या. फेरफाराच्या नोटिशीला हरकत घ्यायला १५ दिवस असतात. नाव गाळलं असेल तर त्या मुदतीत लेखी हरकत द्या. वाचल्याशिवाय हक्कसोडीवर सही किंवा अंगठा नको. अडलंच तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईला तिथं वकिलाची मदत मोफत मिळते, उत्पन्नाची अट नाही.

राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहायचा नियम आला आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे या मुलांच्या नातवंडांना पणजीचं नाव शोधत फिरावं लागणार नाही. पण आपल्या आधीच्या बायकांची नावं आपणच गोळा करायची आहेत. ज्या म्हाताऱ्यांना ती ठाऊक आहेत, त्या आज आहेत, उद्या असतीलच असं नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक कागद आणायचा. त्यावर चारच नावं लिहायची. आपलं, आईचं, आजीचं आणि पणजीचं, प्रत्येकीचं माहेर तिच्या नावापुढं. जी जागा रिकामी राहील, ती सगळ्याजणी मिळून भरू.