एक फड, दोन नावं

आमचं घर कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं. माझे पणजोबा तमाशाचे मोठे शौकीन होते, असं आजोबा सांगायचे. पण पणजोबांच्या तोंडी कधी ‘पठ्ठे बापूरावांचा तमाशा’ हे शब्द नसत. ते म्हणायचे, ‘पवळाचा तमाशा’. पुढं मी पुस्तकं वाचायला लागलो, तर तिथं सगळीकडं बापूरावच. फड एकच, मग नावं दोन कशी? आज त्याविषयीच थोडं बोलायचं आहे.

पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६चा, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा. घरात गावचं कुलकर्णीपण, पण ओढ ढोलकी-तुणतुण्याची. तमाशा तेव्हा मुख्यतः महार-मांग कलावंतांचा. ब्राह्मणाच्या पोरानं त्यात जायचं म्हणजे घरदार, जात, मानमरातब या सगळ्यावर पाणी सोडायचं. त्यांनी ते सोडलं.

पवळा १८७०ची, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावच्या महार कुटुंबातली. त्या काळी तमाशात बाईचं सोंग पोरगाच घ्यायचा. त्याला ‘नाच्या पोऱ्या’ म्हणत. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री, हा मान पवळाला दिला जातो.

ही जोडी जमली आणि तमाशाचा रंग बदलला. कसा, ते पाहू. तमाशा गणानं सुरू होतो. मग गौळण, लावण्या, सवाल-जवाब आणि शेवटी वग. गाणारीच्या मागं ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज आणि ओळ झेलायला झीलकरी. बापूराव रचना करायचे. पण कवन कागदावर नुसतं निजलेलं असतं. कुठला शब्द लांबवायचा, कुठं थांबून ढोलकीला वाट द्यायची, कुठल्या ओळीला नजर फिरवायची, हे गाणारीच्या हातात. पोऱ्याच्या तोंडी घातलेली गौळण आणि बाईच्या गळ्यातून आलेली गौळण यांत फरक पडणारच. बापूरावांची लेखणी आणि पवळाची अदा असं ते जुळलं होतं.

मुंबईत या जोडीनं नाव काढलं. गिरण्यांमध्ये राबणारी घाटावरची आणि कोकणातली माणसं त्यांना आपल्या गावाकडची भाषा ऐकायला गर्दी करत. मुंबई शहराचं वर्णन करणारी बापूरावांची लावणीही प्रसिद्ध आहे. आपल्या कोल्हापुरात १९०८-०९च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांपुढं त्यांनी ‘मिठाराणी’चा वग सादर केला. ज्या राजानं १९०२ साली मागासवर्गीयांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, त्याच्यापुढं एक कुलकर्णी आणि एक महार बाई एकाच बोर्डावर उभी होती, हे विसरता येत नाही.

पुढं बेबनाव झाला. पवळा गेली आणि फडाला ओहोटी लागली. १९३९ साली पवळा वारली. बापूरावांचे अखेरचे दिवस पुण्यात हलाखीत गेले. १९४५ साली तेही गेले.

या कहाणीला आणखी एक बाजू आहे. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाचं उत्पन्न देऊ केलं होतं. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा नको, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो नाकारला, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. बापूरावांनी जात सोडली हे खरं. पण सोडायला त्यांच्याकडं काहीतरी होतं. पवळाला तशी सोय नव्हती.

अमेरिकेतल्या गावरान संगीतात जॉनी कॅश आणि जून कार्टर ही जोडी गाजली. त्यांचं १९६७चं द्वंद्वगीत आजही ऐकता येतं आणि त्यावर दोघांचीही नावं आहेत. इथं बापूरावांचे शब्द छापले गेले म्हणून उरले. पवळाची कला मात्र समोर बसलेल्यांच्या डोळ्यांत आणि कानांत राहिली आणि त्यांच्याबरोबरच गेली.

पणजोबा समोर बसले होते, म्हणून ते ‘पवळाचा तमाशा’ म्हणायचे. आपण पुस्तकातून शिकलो, म्हणून बापूरावांचं नाव घेतो. यापुढं नाव घ्यायचं तर दोघांचं घेऊ या.