गळकी दुधाची किटली आणि ‘पल्स’चे वेल्डिंग



उसाच्या जोडीला गोठा आहे अशा पुष्कळ घरांत अ‍ॅल्युमिनियमची किटली किंवा 40 लिटरचा कॅन असतोच. टेम्पोत चढ-उतार करताना आपटून त्याच्या बुडाचा सांधा तडकतो. मग तो वर्कशॉपमध्ये जातो आणि कित्येकदा तड्याच्या जागी भोक घेऊन परत येतो. असे का होते, ते आम्ही थोडक्यात सांगतो.

अ‍ॅल्युमिनियम सुमारे 660 अंश सेल्सिअसला वितळते; पण त्याच्या अंगावरचे ऑक्साईडचे पातळ कवच 2000 अंशांच्या पुढे वितळते. लोखंड आधी लाल होऊन सूचना देते, हे मात्र रंग न बदलता एकदम ढासळते. शिवाय उष्णता भराभर पसरते. त्यामुळे सुरुवातीला करंट कमी पडतो आणि भांडे तापले की तोच करंट जास्त होतो.

यावर उपाय आर्गनच्या वेल्डिंगचा. मशीन एसीवर ठेवून व पल्स लावून. एसीमुळे कवच फुटत राहते. पल्समुळे करंट ठराविक वेळाने वर-खाली होतो. सरीत पाणी एकदम लोटले की वरंबा फुटतो. थोडे सोडून, मुरू देऊन पुन्हा सोडले की टिकतो. तसेच हे.

उदाहरणार्थ, 2 मि.मी. पत्र्याला वरचा करंट 110 अँपिअर, खालचा 40 आणि दोन्हींना निम्मा-निम्मा वेळ दिला तर सरासरी 75 पडते. सेकंदाला एक-दोन ठोके पुरेत. वरच्या ठोक्याला सळई टेकवायची, खालच्याला रस थिजू द्यायचा. हे आकडे सुरुवातीपुरते. आधी तेवढ्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर पाहावे.

पण नुसत्या पल्सने भागत नाही. दुधाचा चिकटा वा ओल राहिली तर सांध्यात बारीक छिद्रे पडतात. त्यात दूध अडकून आंबते आणि पुढचा सगळा कॅन नासतो. म्हणून किटली गरम पाणी व साबणाने धुऊन, कोरडी करून, झाकण काढूनच द्या. कॉस्टिक सोडा वापरू नका, तो अ‍ॅल्युमिनियम खातो. जुना डाग, लांबी खरवडून काढा. लोखंडावर वापरलेला ब्रश त्यावर फिरवू देऊ नका.

काम झाल्यावर आतला सांधा घासून गुळगुळीत करून घ्या आणि किटली पाण्याने भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी फरशी कोरडी असेल, तरच मजुरी चुकती करा. पत्रा जागोजागी पातळ झाला असेल, तर मात्र डागडुजीत पैसे घालण्यापेक्षा नवी घेतलेली बरी.

— ऊस विकास अधिकारी