बी आणि भूमि

बी आणि जमीन यांचें नातें जालना जिल्ह्यास निराळें शिकवावयास नको. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं जालन्यांत ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि बियाण्यांच्या व्यापारांत ह्या शहराचें नांव देशभर झालें. उत्तम बीहि खडकावर रुजत नाहीं, हें येथील लहान मूलहि जाणतें. स्तनाच्या कर्करोगाचा प्रसार समजण्यास हाच दृष्टांत उपयोगी आहे. आणि तो आमच्या पदरचा नव्हे, शास्त्रांतलाच आहे.

१८८९ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं ह्या रोगानें दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाचे वृत्तांत तपासले. रक्त तर सर्वच अवयवांत खेळतें. मग रोग यकृतांत वारंवार व प्लीहेंत क्वचितच कां आढळावा? त्यांचें उत्तर असें कीं, रोगट पेशी हें बी व अवयव ही भूमि. दोहोंचें जुळेल तेथेंच तें रुजतें.

आज कळतें कीं, मूळ गाठीभोंवतींची भूमिहि तितकीच महत्त्वाची आहे. तेथें रक्तवाहिन्या, मेद, तंतूंचें जाळें व शरीराच्या रक्षक पेशी असतात. रोगट पेशी ह्या शेजाऱ्यांस फितवितात. नव्या रक्तवाहिन्या फुटून त्यांस पोषण मिळतें, तंतूंच्या आधारानें त्या पुढें सरकतात, आणि कांहीं रक्षक पेशी तर घरभेद्यांप्रमाणें त्यांस रक्तांत शिरण्याची वाट करून देतात.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांचा २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग ह्या दृष्टीनें मननीय आहे. सुमारें १,६०० स्त्रियांपैकीं निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या कांहीं मिनिटें आधीं गाठीभोंवतीं लिडोकेन हें बधिरतेचें साधें औषध टोंचलें. पांच वर्षांअखेर हयात राहण्याचें प्रमाण त्यांच्यांत शेंकडा ९०.१, तर इतरांत ८६.४ आढळलें.

‘शस्त्र लागलें कीं रोग फैलावतो’ म्हणून शस्त्रक्रिया टाळणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, दोन्ही गटांतील स्त्रियांवर शस्त्रक्रिया झालीच होती. खरा घात विलंबानें होतो. ही गाठ आरंभीं बहुधा दुखत नाहीं. शिवाय भरल्या घरांत सून संकोचानें बोलत नाहीं, आणि सासूबाई मुलांवर खर्चाचा भार नको म्हणून गप्प राहतात. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरचें शासकीय कर्करोग रुग्णालय कांहीं तासांचें नव्हे, तासादीडतासाचें अंतर आहे. गाठ हातास लागतांच ती गोष्ट घरांत बोलली जावी, आणि घरांतील कर्त्या माणसानें त्याच आठवड्यांत वैद्यकीय तपासणी करवावी, एवढेंच आमचें आग्रहाचें सांगणें आहे.